पिवळ्या रेषेखालचा न्याय

५ ऑक्टोबर २००८. अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर शर्यतीचा शेवटचा टप्पा. सर्वांत पुढे टोनी स्टुअर्ट, त्याच्या मागे पहिलाच पूर्ण मोसम खेळणारा रेगन स्मिथ. स्मिथ आतल्या बाजूने पुढे निघाला तसा स्टुअर्ट त्याला अडवायला आत सरकला. स्मिथ आणखी आत गेला, त्याची चाकं ट्रॅकच्या कडेच्या दुहेरी पिवळ्या रेषेखाली उतरली आणि तिथूनच पुढे जाऊन त्याने समाप्तीची रेषा सर्वांत आधी ओलांडली. निकाल मात्र वेगळा लागला. विजेता स्टुअर्ट, स्मिथ अठरावा. आपल्याला रेषेखाली ढकललं गेलं, असं स्मिथचं म्हणणं होतं. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती, चालवणाऱ्या नॅसकार या संस्थेला ते पटलं नाही.

याच ट्रॅकवर, १२ वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०२० रोजी मॅट डिबेनेडेटो दुसरा आला. तो रेषेखाली गेलाच नव्हता. विल्यम बायरनला त्याने रेषेखाली जायला भाग पाडलं असं ठरवून त्याला एकविसाव्या क्रमांकावर टाकलं गेलं. म्हणजे २००८ साली रेषेखाली गेलेला दोषी आणि अडवणारा विजेता. २०२० साली अडवणारा दोषी. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असूही शकतील. पण ते दोन्ही बरोबर कसे, हे नॅसकारने लोकांपुढे कधी नीट मांडलं नाही. माझी तक्रार तिथे आहे. स्टॉक कार शर्यतीतल्या शिक्षा कडक आहेत की सौम्य, यावर चाहते वर्षानुवर्षं भांडतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. एकाच कृत्याला आज एक न्याय आणि उद्या दुसरा न्याय मिळत असेल, आणि दोहोंतला फरक सांगणारा कागद कुठेच नसेल, तर शिक्षा कितीही योग्य असली तरी ती अन्यायासारखीच दिसते.

आधी ही रेषा का आहे ते सांगायला हवं, कारण ती उगाच आखलेली नाही. टॅलाडेगा २.६६ मैलांचा, असाच दुसरा वेगवान ट्रॅक म्हणजे फ्लोरिडातला डेटोना अडीच मैलांचा. वळणं अनुक्रमे ३३ आणि ३१ अंशांनी कललेली, आणि या कलत्या पृष्ठभागाच्या आत सपाट पट्टा. तीस-चाळीस गाड्या ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने एकमेकींना चिकटून धावतात. कुणी त्या सपाट पट्ट्यावर उतरून पुन्हा कलत्या भागावर चढू लागला की चाकांची पकड सुटते, गाडी वर घसरते आणि सगळा घोळका तिच्यावर आदळतो. म्हणून २००१ पासून नियम आला: पिवळ्या रेषेखाली जाऊन स्थान मिळवायचं नाही. नियमाचा हेतू जीव वाचवण्याचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे.

अडचण नियमाच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. रेषेखाली जाऊन पुढे जाणाऱ्याला काळा झेंडा, म्हणजे शिक्षेची खूण, दाखवला जाईल, आणि दुसऱ्याला रेषेखाली ढकलणाऱ्यालाही दाखवला जाऊ शकेल, अशा अर्थाची सूचना वर्षानुवर्षं शर्यतीआधी ड्रायव्हरांना दिली जात आली. एकाला ‘जाईल’, दुसऱ्याला ‘जाऊ शकेल’. आणि दोन्हीच्या आधी ‘नॅसकारच्या मते’. शिक्षा कुणाला, हे रेषेने ठरायचं सोडून वरच्या खोलीत बसलेल्या अधिकाऱ्यांच्या मताने ठरतं, आणि ते मत त्या क्षणापुरतं असतं.

जुनी उदाहरणं बघा. २००१ च्या जुलैत डेटोनाला रेषेखाली गेल्याबद्दल काळा झेंडा मिळाला तो स्टुअर्टलाच. त्याने तो मानला नाही. सहाव्या क्रमांकावर येऊनही त्याला सव्विसावा धरलं गेलं आणि शर्यतीनंतरच्या वर्तनाबद्दल वर १० हजार डॉलर दंड बसला. २००३ च्या एप्रिलमध्ये टॅलाडेगाला डेल अर्नहार्ट ज्युनियर मॅट केन्सेथला मागे टाकताना रेषेखाली उतरला. नॅसकारने त्याला दोष दिला नाही आणि तो शर्यत जिंकला. टॅलाडेगातला त्याचा तो सलग चौथा विजय. वडील दोन वर्षांपूर्वी डेटोनाच्या शेवटच्या वळणावर अपघातात गेले होते, आणि सगळी गॅलरी मुलाच्या मागे होती. नॅसकारने लोकप्रियता पाहून निकाल दिला असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण तसं म्हणणाऱ्याला गप्प करील असा पुरावा नॅसकारकडेही नव्हता. कारणं लिहून ठेवली नाहीत की संशयाला उत्तर देता येत नाही, आणि मग निर्दोष निर्णयही डागाळतो.

पुन्हा २०२० च्या त्या शेवटच्या फेरीकडे येतो, कारण तिच्यात सगळा गुंता एकाच ठिकाणी सापडतो. विजेता डेनी हॅमलिन स्वतः रेषेखाली गेला होता. टक्कर टाळायला गेला, असं मानून त्याला सोडलं. डिबेनेडेटो वरच होता, त्याला शिक्षा झाली. चेस एलियट खाली गेला म्हणून त्याला आधी मागे टाकलं. मग फेरतपासणीत ख्रिस ब्युशरने त्याला खाली ढकललं असं ठरलं, एलियटचं पाचवं स्थान परत मिळालं आणि ब्युशर बाविसावा झाला. चूक दुरुस्त केली, हे मी नॅसकारच्या बाजूने मोजतो. पण एकाच फेरीत, काही सेकंदांत, चार जणांना ‘ढकलला गेला’ या एका शब्दाच्या चार वेगवेगळ्या मोजपट्ट्या लागल्या. पुढच्या वेळी तिथे उतरणाऱ्या ड्रायव्हरने यातून नेमकं काय शिकावं? समोरचा अडवायला आला तर आत जावं, जागेवर राहावं, की ब्रेक दाबावा?

याचं उत्तर ब्रॅड केसेलोव्स्कीने २६ एप्रिल २००९ रोजी दिलं होतं, आणि ते भयंकर होतं. तोच ट्रॅक, तीच जागा. पुढे कार्ल एडवर्ड्स, मागून आतल्या बाजूने केसेलोव्स्की. एडवर्ड्स अडवायला खाली आला. सहा महिन्यांपूर्वी स्मिथचं काय झालं ते केसेलोव्स्कीने पाहिलं होतं. तो रेषेखाली गेला नाही. आपली जागा धरून राहिला. गाड्या भिडल्या, एडवर्ड्सची गाडी गिरकी घेऊन हवेत उडाली, रायन न्यूमनच्या गाडीवर आपटून प्रेक्षकांसमोरच्या जाळीत जाऊन आदळली. जाळीमागचे काही प्रेक्षक जखमी झाले. एडवर्ड्स गाडीतून बाहेर पडून पायी धावत समाप्तीरेषेपलीकडे गेला, टाळ्या पडल्या, आणि ते दृश्य आजही दाखवलं जातं. मला मात्र त्या टाळ्यांपेक्षा ती जाळी आठवते. सुरक्षेसाठी आखलेल्या रेषेने एका ड्रायव्हरपुढे दोनच पर्याय ठेवले, विजय गमावणं किंवा धडकणं, आणि ज्याने अडवलं त्याला आपल्यावर काही कारवाई होईल याची भीतीच नव्हती. अडवणाऱ्याला नक्की शिक्षा होते हे २००८ सालीच ठरलं असतं, तर एडवर्ड्सने खाली येताना दोनदा विचार केला असता. शिक्षेतली विसंगती फक्त निकालपत्रक बिघडवत नाही, ती माणसांना धोक्यात घालते.

नॅसकारच्या बाजूने बोलणारे इथे म्हणतील की प्रत्येक प्रसंग वेगळा असतो, पंचाला विवेक वापरू द्यायलाच हवा. हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. पण विवेक आणि मोजमाप एकत्र कसे नांदतात हे पाहायला आपल्या कबड्डीचं मैदान पुरेसं आहे. तिथे बाजूचा राखीव पट्टा एरवी मैदानाबाहेर धरतात. चढाईपटू आणि पकडणारा यांचा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की तोच पट्टा मैदानात येतो. सीमारेषा परिस्थितीनुसार बदलते, पण ती कधी बदलते हे पंचाला, खेळाडूला आणि शेवटच्या रांगेतल्या पोराला एकाच वेळी दिसतं. टॅलाडेगात स्पर्शाची अट घालता येणार नाही, कारण तिथे स्पर्श म्हणजेच अपघात. पण गाड्या किती एकमेकींच्या बाजूला आल्या आहेत हे मोजता येतं. मागच्या गाडीचं नाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी पोहोचल्यानंतर पुढचा खाली आला तर दोष पुढच्याचा. त्याआधी तो खाली येऊन बसला असेल आणि मागचा तरीही आत घुसला तर दोष मागच्याचा. रेषा नेमकी कुठे मानायची, मागच्या चाकाशी की दाराशी, यावर ड्रायव्हरांनी बसून वाद घालावा. पण एकदा ठरली की ती छापली जावी.

हे अशक्य आहे असं नॅसकार म्हणू शकत नाही, कारण पिट रोडवर, म्हणजे शर्यतीत गाड्या इंधन आणि टायरसाठी थांबतात त्या रस्त्यावर, तिने हेच करून दाखवलं आहे. पिट रोडवरचा वेग एकेकाळी अधिकारी हातातल्या घड्याळाने मोजत, आणि भांडणं होत. २००५ पासून जमिनीखालच्या टायमिंग लूपवर, म्हणजे गाडी वरून गेल्याची वेळ नोंदवणाऱ्या तारांवर, वेग मोजला जाऊ लागला. किती ओलांडलं की शिक्षा, हे प्रत्येक संघाला शर्यतीआधी माहीत असतं. अभियंते त्या आकड्याच्या कडेपर्यंत गाडी नेतात आणि कधी पकडले जातात. २०१५ पासून पिटमधल्या इतर चुकाही कॅमेऱ्यांवरून तपासल्या जाऊ लागल्या. पिट रोडवर पकडला गेलेला ड्रायव्हर चिडतो तो स्वतःवर किंवा आपल्या संघावर. तिथे पक्षपाताचा आरोप क्वचितच ऐकू येतो. जी संस्था पिट रोडवर इतकी काटेकोर आहे, तिने विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या फेरीतला न्याय मात्र मतावर सोडावा, हे मला पटत नाही.

दुसरी विसंगती शिक्षेच्या मापाची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. रेषेखाली जाऊन शेवटच्या फेरीत स्थान मिळवलं की ड्रायव्हरला, विजेत्याइतक्याच फेऱ्या पूर्ण केलेल्या गाड्यांच्या रांगेत शेवटी टाकतात. आता ती रांग किती लांब असेल हे त्या दिवशी किती गाड्या फुटल्या, किती एखादी फेरी मागे पडल्या यावर अवलंबून. २००८ साली स्मिथला त्यामुळे अठरावा क्रमांक मिळाला. २०१८ च्या जुलैत डेटोनाला दुय्यम मालिकेच्या शर्यतीत जस्टिन हेलीने अखेरच्या क्षणी दोघांना मागे टाकून रेषा ओलांडली. डावी चाकं पिवळ्या रेषेखाली गेली होती, म्हणून काईल लार्सन विजेता आणि हेली अठरावा. डिबेनेडेटो एकविसावा. २०२२ च्या मार्चमध्ये अटलांटाला, जिथे पिवळ्याऐवजी पांढरी दुहेरी रेषा आहे, ख्रिस्टोफर बेल दुसऱ्या क्रमांकावरून तेविसावा. गुन्हा सारखा, शिक्षा मात्र इतरांच्या नशिबाने ठरलेली. एखाद्या दिवशी ३५ गाड्या त्या रांगेत असतील तर तोच गुन्हा दुप्पट महाग पडेल.

वळणावळणांच्या ट्रॅकवर शिक्षेचा हिशेब सेकंदांत होतो, पण तिथेही तीच गत. ३१ जुलै २०२२ रोजी इंडियानापोलिसच्या आतल्या ट्रॅकवर जादा फेऱ्यांसाठी शर्यत पुन्हा सुरू झाली, पहिल्या वळणावर गर्दी झाली, आणि रॉस चॅस्टेनने वळण सोडून पलीकडचा रस्ता धरला. बाहेर आला तो थेट आघाडीच्या लढाईत. टायलर रेडिक जिंकला, चॅस्टेन दुसरा आला, मग त्याच्या वेळेत ३० सेकंद वाढवले आणि तो सत्ताविसावा झाला. त्याने अन्याय्य फायदा घेतला यात मला शंका नाही. पण सगळ्या गाड्या नुकत्याच एकत्र आल्या असताना ३० सेकंदांचा अर्थ वेगळा, आणि शर्यत पन्नास फेऱ्या सलग चालून गाड्या विखुरल्या असताना वेगळा. शेवटच्या फेरीत शिक्षा जबर हवी हे मी मान्य करतो. नुसती कमावलेली जागा परत घेतली तर प्रत्येक जण जुगार खेळेल, कारण हरण्यासारखं काहीच उरणार नाही. म्हणून कमावलेली जागा जावी आणि वर ठरावीक जागा जाव्यात. पाच म्हणा, दहा म्हणा. आकडा आधी ठरलेला असावा, इतकंच.

मग मार्टिन्सव्हिल. व्हर्जिनियातला अर्ध्या मैलाच्या आसपासचा जुना ट्रॅक. आपल्या नारायण कार्तिकेयनने २०१० साली नॅसकारच्या ट्रक मालिकेत पहिलं पाऊल टाकलं ते इथेच. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये चॅस्टेनला मोसमाच्या विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जायला दोन जागा हव्या होत्या आणि एकच फेरी उरली होती. त्याने पाचवा गिअर टाकला, ब्रेक सोडून दिला आणि गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवून तिच्याच आधाराने अख्खं वळण पार केलं. १८.८४५ सेकंदांत फेरी. त्या ट्रॅकवर स्टॉक कारने तोवर इतकी वेगवान फेरी मारली नव्हती. पाच गाड्या मागे पडल्या, हॅमलिन बाहेर, चॅस्टेन आत. नॅसकारने निकाल तसाच ठेवला, आणि माझ्या मते योग्य केलं, कारण असं करू नका हे कुणाला सांगितलंच नव्हतं. २०२३ च्या जानेवारीत मात्र जाहीर झालं की यापुढे सुरक्षेच्या आधीपासूनच्या नियमाखाली याला वेळेची शिक्षा होईल. भिंतीबद्दल स्पष्ट, स्वतंत्र नियम लिहिण्याऐवजी सर्वसमावेशक कलमाचं छत्र वापरलं गेलं, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

३ नोव्हेंबर २०२४ ला त्याच ट्रॅकवर ते छत्र उघडलं. बेलला अंतिम चौघांसाठी एका जागेची गरज होती. शेवटच्या वळणात त्याची गाडी घसरत भिंतीला गेली आणि तो भिंतीलगत वेग न सोडता पुढे आला. गुण बायरनच्या बरोबरीचे झाले, बरोबरीच्या नियमाने बेल आत. मग जवळजवळ अर्धा तास दोन्ही संघ ताटकळले. निकाल: सुरक्षेचा भंग, बेल अठराव्यावरून बाविसावा, बायरन अंतिम फेरीत. मी मुद्दाम केलं नाही, गाडी घसरली, असं बेल सांगत राहिला. नॅसकारने हेतू विचारात घेतला नाही. भिंतीवर गेलास, तिथून पुढे आलास, संपलं.

हा निकाल मी एकटा पाहिला तर मला तो मान्य आहे. हेतू ओळखणं कठीण असतं. कृत्यावरून न्याय केला तर तो सर्वांना सारखा पडतो. पण मग टॅलाडेगात हेतू आणि नाइलाज का तपासायचे? हॅमलिन रेषेखाली गेला तेव्हा तो नाइलाजाने गेला का, हे विचारलं. बेल भिंतीला गेला तेव्हा विचारलं नाही. एकीकडे माणसाच्या मनात डोकावायचं, दुसरीकडे फक्त गाडीची जागा बघायची, आणि कुठे काय करायचं हे कुठेच लिहायचं नाही. ही दुहेरी फूटपट्टी मला सगळ्यांत मोठा दोष वाटते.

त्या रात्रीची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. बायरनच्या मागे त्याच्याच उत्पादकाच्या गाड्या, चॅस्टेन आणि ऑस्टिन डिलन, जणू भिंत करून धावत होत्या. पुढे बेलच्याच उत्पादकाची गाडी चालवणारा बबा वॉलेस अचानक मंदावला, म्हणूनच बेलला ती एक जागा मिळाली. काही दिवसांनी नॅसकारने तिन्ही संघांना आणि तिन्ही ड्रायव्हरांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड केला, गुण कापले, संघांतल्या जबाबदार लोकांना एका शर्यतीसाठी बाहेर ठेवलं. निकाल मात्र बदलला नाही. म्हणजे भिंतीचा स्पर्श त्याच रात्री आणि कायमचा महाग पडला, आणि संगनमताची किंमत नंतर पैशांत वसूल झाली. प्रेक्षकाला अधिक फसवणारा गुन्हा यांतला कोणता, हे मला सांगायची गरज वाटत नाही.

आणि बेलला दाद मागायलाही जागा नव्हती. शर्यतीतल्या निर्णयावर अपील होत नाही, हा नॅसकारचा नियम. शर्यतीनंतर दिलेल्या शिक्षेवर अपील समिती बसते. शेवटच्या फेरीतल्या निकालावर बसत नाही. विजेतेपद अधांतरी राहू नये म्हणून असं केलं जातं, आणि ती गरज मी समजू शकतो. पण अपील नसेल तर निदान कारण हवं. फॉर्म्युला वनमध्येही पंचांवर टीका होते, तरी तिथे प्रत्येक शिक्षेमागे कागद निघतो: कोणतं कलम, काय पाहिलं, काय ठरवलं. पुढच्या वर्षीचा ड्रायव्हर तो वाचतो, वकिलासारखा आधार घेतो, आणि पंचाला आपल्याच जुन्या शब्दांशी बांधून राहावं लागतं. नॅसकारचे अधिकारी शर्यतीनंतर माध्यमांपुढे येऊन बोलतात, हे खरं. पण बोललेलं विरून जातं आणि पुढच्या मोसमात अधिकारीही बदललेले असतात.

याचा मार सर्वांत जास्त कुणाला बसतो, तेही पाहा. डेटोना आणि टॅलाडेगा इथे सगळ्या गाड्यांचा वेग जवळजवळ सारखा असतो, त्यामुळे लहान संघाला जिंकायची खरी संधी याच ठिकाणी मिळते. स्मिथची ती जवळजवळ जिंकलेली शर्यत. दुसऱ्या वर्षी त्याला पूर्ण मोसमाची गाडीही मिळाली नाही, पहिला विजय २०११ साली डार्लिंग्टनला आला आणि तो एकमेव राहिला. डिबेनेडेटो मुख्य मालिकेत कधीच जिंकला नाही. तगड्या संघाच्या ड्रायव्हरला पुढच्या रविवारी दुसरी संधी असते. यांना नसते.

म्हणून नॅसकारकडे मागणी साधी आहे. ‘ढकललं’ म्हणजे काय, हे गाडीच्या नाकाचा आणि चाकाचा हिशेब करून नियमपुस्तकात लिहा. ढकलणाऱ्यासाठी ‘जाऊ शकेल’ काढून ‘जाईल’ घाला. शेवटच्या फेरीतली शिक्षा ठरावीक जागांची करा. आणि निकाल देताना दोन परिच्छेद लिहून त्याच संध्याकाळी प्रसिद्ध करा, ज्यांत आधीच्या सारख्या प्रसंगाचा उल्लेख असेल आणि या वेळी निर्णय वेगळा असेल तर तो का, हेही असेल. नव्या मोसमाची पहिली शर्यत डेटोनालाच असते. ड्रायव्हरांना शर्यतीआधी दिली जाणारी ती सूचना तोवर बदलता येईल.